गड पार झाला की जातो

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
४ ऑगस्ट १९९६

चि. जयदेव भाऊजींस,
मीनलवहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्राची जाडी बघून घाबरू नका, घरी सगळे जिवंत आहेत. आईंचे गुडघे, माझं शिलाईमशीन आणि तुमचे दादा, तिघंही जागच्या जागी बसलेले आहेत. म्हणजे नवीन काही नाही.

तक्रार तुमच्या कॉम्प्युटरची आहे. मे महिन्यात तुम्ही तो ठेवून गेलात, दादाचं मन रमेल म्हणालात. रमलं बरं का. इतकं रमलं की आता मलाच त्याच्यापुढे अगरबत्ती लावायची बाकी आहे. फेब्रुवारीत कंपनीत तो स्फोट झाला, सोबतचा नाथा गेला आणि हे वाचले, तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत हे तुम्ही स्वतः पाहून गेलात. हातावरचं भाजलेलं आता पार भरलं. पण चप्पल पायात सरकवायची म्हटली की घाम फुटतो. जिन्यापर्यंत जातात आणि परत येतात.

गेल्या आठवड्यात अंबरनाथहून त्यांचे साहेब घरी आले होते. भला माणूस आहे. म्हणाले, प्लँटवर नका येऊ, स्टोअरला बसा, टेबलाचं काम आहे. जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवतो, पुढे वरचे लोक माझं ऐकणार नाहीत. हे नुसते मान हलवत होते. साहेब गेल्यावर मी विचारलं, जाणार ना? तर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "एवढा गड पार झाला की जातो."

आता हा गड काय ते तुम्हाला ठाऊक, खेळ तुम्हीच घालून दिलात. मला कळलं ते एवढंच, की त्यात एक माणूस असतो आणि तो म्हणजे आपण. त्याला नाव आपण द्यायचं, एक सोबती घ्यायचा, त्यालाही नाव द्यायचं, आणि गावोगाव हिंडत लोकांशी बोलत, लढत पुढे जायचं. गावं छान चालली. हे मला सांगायचेसुद्धा, आज अमक्या राजाला भेटलो. मग तो जळता गड आला आणि सगळं अडकलं. आत शिरलं की चित्र थांबतं. माणूस पाय उचलतो आणि तसाच धरून ठेवतो. मग धाडकन पुढे, परत थांबतो. आवाज तर सेल उतरलेल्या टेपसारखा येतो. महिना झाला, हे रोज त्या गडात शिरतात आणि मशीन अडखळतं. पार काही होत नाही.

भाऊजी, हसू नका. मला तो खेळ दसऱ्याच्या आत नीट करून हवाय. एसटीडीवरून बोलता आलं असतं, पण बूथवाल्यासमोर मी काय 'आमचा गड अडकलाय' म्हणून ओरडत बसू? पत्रच पाठवा. खालून पत्र मीच आणते, यांना कळायचं नाही.

तुमची,
मीनलवहिनी


बंगळूर
१३ ऑगस्ट १९९६

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

पहिल्यांदा हसलो, मग नाही हसलो. दादा कामावर जाणार असेल तर तो गड मी इथून ढकलून देईन, टेन्शन घेऊ नका.

बाकीची गावं नीट चालतात आणि गडातच अडकतो, म्हणजे निदान सोपं आहे. आगीचं चित्र जड असतं. मशीनला एका वेळी जेवढं डोक्यात ठेवता येतं त्यापेक्षा ते जास्त होतं, म्हणून ते सारखं डिस्कवर शोधायला धावतं आणि तेवढा वेळ खेळ थांबतो. आपण दोन गोष्टी करू.

एक तर डिस्कवरचं सामान विस्कटलं असेल. सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करा. स्क्रीनवर चौकोन दिसतील, ते हळूहळू एका जागी लागत जातील. मध्ये काही दाबायचं नाही आणि लाइट जाईल त्या दिवशी करायचं नाही, म्हणजे तुमचा शुक्रवार सोडून. दादा दुपारी झोपला की करा.

दुसरं म्हणजे रॅम वाढवा. तुम्ही शिवलेल्या कॉलर द्यायला कॅम्प दोनच्या बाजारात जाताच, तिथे गल्लीत कॉम्प्युटरवाले बसतात. चिठ्ठी सोबत जोडलीय, ती दाखवली की तो माणूस घरी येऊन बसवून देईल. दादाला सांगा जयदेवने पाठवलंय. पैशांचं मी त्याच्याशी फोनवर बघतो, तुम्ही त्यात पडू नका.

एवढ्याने झालं पाहिजे. तुम्ही काळजी करत बसलात की आईही करते आणि मग दादावर नजर ठेवणारी तुम्ही दोघीजणी होता. त्याला आवडत नाही ते.

तुमचा,
जयदेव


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
२९ ऑगस्ट १९९६

चि. जयदेव भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं औषध दोन्ही वेळा पोटात गेलं, गुण काही नाही.

दुपारी मुद्दाम वालाचं बिरडं आणि भात केला, हे दोनदा मागून जेवले आणि आडवे झाले. आईंना दाराशी पहाऱ्याला बसवलं आणि मी टाइप केलं. चौकोन आले. पण भाऊजी, ते चौकोन काय रांगत होते हो. चार चौकोन सरकले की माझी एक कॉलर शिवून होत होती. अख्खी दुपार गेली, हे उठायची वेळ झाली तरी आपलं चालूच. शेवटी आईंनी यांना मागच्या खोलीत पाय चेपायला बसवून घेतलं, म्हणून निभावलं.

कॅम्प दोनच्या सेठने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "बेहेनजी, लडका गेम खेलता है क्या?" मी म्हटलं, लडका नहीं, घरवाला. तो हसायला लागला आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबला. त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन रॅम बसवून गेला. हे शेजारी उभे राहून बघत होते.

तो गेल्यावर मी म्हटलं, बघा आता कसा पळतोय. हे बसले, गडात शिरले. पुन्हा तेच. पाय वर, आणि थांबलेलं. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला रडूच आलं. कशासाठी रडत होते ते माझं मलाच कळेना, एका चित्रातल्या माणसाचा पाय खाली टेकत नाही म्हणून? यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "राहू दे मीनल. असंच बरं आहे."

आशा सोडलेला माणूस असं बोलतो. परवा साहेबांनी निरोप धाडला होता, कधी येताय म्हणून. मी सांगितलं, येतील, गणपती झाले की येतील. खोटं बोलायलाही आता मला विचार करावा लागत नाही.

आणखी काही असेल तर सांगा. नसेल तर तसंही सांगा.

तुमची,
मीनलवहिनी


बंगळूर
८ सप्टेंबर १९९६

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

मी महामूर्ख आहे. डिस्कच्या त्या कामाला अख्खी दुपार लागली असं तुम्ही लिहिलंत आणि माझी ट्यूब पेटली. तास-दीड तासात उरकणारं काम आहे ते. म्हणजे हळू फक्त खेळ चालत नाहीये, सगळं मशीनच हळू चालतंय.

मशीनच्या पुढच्या बाजूला, चालू करायच्या बटणाशेजारी एक लहान बटण आहे, त्यावर 'टर्बो' लिहिलंय. वर हिरव्या आकड्यांची खिडकी आहे. तिथे ६६ दिसायला हवं. ३३ दिसत असेल तर कुणीतरी ते बटण दाबून ठेवलंय आणि मशीन मुद्दाम सावकाश चालतंय. काही जुने खेळ नव्या मशीनवर भलतेच पळतात, त्यांच्यासाठी ती सोय असते. एरवी त्या बटणाला कुणी हात लावत नाही, म्हणून मी विचारलंच नाही.

३३ असेल तर एकदा दाबा. बस्स. एवढंच असेल तर आपण दोघांनी मिळून उगाच चंद्रावर जाऊन आल्यासारखं झालं.

लगेच कळवा.

तुमचा,
जयदेव


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१७ सप्टेंबर १९९६

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय, मला कॉलरींचं बोचकं घेऊन निघायचंय आणि हे पत्र स्टेशनवरच्या पेटीत टाकायचंय.

३३ च होतं. हे आंघोळीला गेले आणि मी दाबलं. ६६ झालं. गडाच्या दाराशी खेळ उभाच होता, मी नुसतं एक बटण दाबून बघितलं तर माणूस असा सरसर चालत गेला की मीच घाबरून हात काढला.

हे काम कोणाचं ते मला ठाऊक आहे. आईंना कुठेही बारीकसा दिवा दिसला की मीटर पळतंय असं वाटतं. टेपचा दिवा बंद करतात, देवघरातला बल्ब बंद करतात, परवा शेजाऱ्यांच्या दारावरचा घालवून आल्या. मी विचारलं तर कुलदेवीची शपथ घेतायत, मी नाही म्हणून. घेऊ देत. मला कुणावर रागवायचं नाहीये आज.

किती दिवसांनी मला भूक लागलीय. न्हाणीतलं पाणी थांबलं. निघते.

तुमची,
मीनलवहिनी


बंगळूर
२५ सप्टेंबर १९९६

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही. आईला म्हणावं, तिचे शंभर दिवे माफ.

एक गोष्ट दादाला सांगायची राहिली, तुम्ही सांगा. त्या गडाच्या शेवटच्या दालनात छत कोसळतं आणि मागून येणारा सोबती आत अडकून जळतो. त्याला वाचवायच्या फंदात पडू नको म्हणावं. मीही पहिल्यांदा खूप आटापिटा केला होता, मागे फिरलो, दुसरा दरवाजा शोधला. काही उपयोग नाही. खेळ लिहिणाऱ्यांनीच ते तसं लिहून ठेवलंय, तिथे कुणाच्याच हातात काही नसतं. सरळ पळायचं आणि बाहेर पडायचं. पुढे खेळ खूप छान आहे.

स्टोअरचा पहिला दिवस कसा गेला ते दादालाच लिहायला सांगा. त्याचं अक्षर बघून वर्ष झालं.

तुमचा,
जयदेव


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
३ ऑक्टोबर १९९६

चि. जयदेव भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

स्टोअरचा पहिला दिवस झालेला नाही.

मागचं पत्र पेटीत टाकलं त्या दिवशी मी कॅम्पातून परत आले तर आई जिन्यातच बसल्या होत्या. आत जाववत नाही म्हणाल्या. हे आंघोळ करून बसले, खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मोठ्याने ओरडले. आईंना वाटलं शॉक लागला. "एवढ्या लवकर नव्हतं झालं," असं ओरडत होते. मग भिंतीतला प्लग ओढून काढला. मी गेले तेव्हा काळ्या काचेकडे बघत बसले होते आणि हात मांडीवर उताणे पडलेले.

आईंनी नव्हतं दाबलं ते बटण. मला रात्रभर ते कळेना, दुसऱ्या दिवशी यांनीच सांगितलं. "बटण मीच दाबतो, मीनल. हळू झालं की मागे बघायला वेळ मिळतो."

मग मी प्लग लावून मशीन चालू केलं आणि त्यांच्या शेजारी बसले. इतके दिवस पाठीमागे उभी राहून फक्त त्या पायाकडे बघत होते. खाली कोपऱ्यात सोबत्याचं नाव इंग्रजीत लिहिलेलं असतं. मला इंग्रजी तेवढं येतं. नाथा. अडीच महिने हे नाथाला घेऊन त्या गडात शिरत होते, मशीन सावकाश करून एकेक कोपरा तपासत होते, कुठून त्याला बाहेर काढता येतो ते. मशीन बिघडलेलं नव्हतं हो. आपण दोघं दुरुस्त काय करत होतो?

कंपनीतले सगळे म्हणतात क्षणात झालं, कुणाला काही कळायच्या आत. हे म्हणाले, क्षणात नाही झालं. दार मध्ये होतं, काचेतून नाथा दिसत होता आणि दाराची मूठ तापून हाताला चिकटत होती. त्याला बराच वेळ होता, म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हे त्या दिवसाबद्दल माझ्याशी बोलले.

वर तुमचं पत्र आलं. कुणाच्याच हातात काही नसतं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते पत्र मी तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवलंय. त्यांना नाही दाखवणार.

भाऊजी, आता मला गड पार करून नकोय. तुम्ही एवढे शिकलात, तुमच्या कंपनीत परदेशी लोक येतात. त्या खेळातून नाथाला बाहेर काढा. कसा काढायचा ते मला माहीत नाही. बाहेर उभा असलेला दिसू दे एकदा. दसरा जवळ आलाय आणि मी कुणापुढे हात जोडू ते मला सुचत नाही, म्हणून तुमच्यापुढे जोडते.

तुमची,
मीनलवहिनी


बंगळूर
१३ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

सोबत फ्लॉपी आहे. स्पीड पोस्टने पाठवतोय.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला माझीच लाज वाटतेय. रॅम विचारली, डिस्क विचारली, दादाने सोबत्याचं नाव काय ठेवलंय ते एकदाही विचारलं नाही. ते यंत्र मीच आणून ठेवलं त्याच्यासमोर.

खेळ माझ्याकडे आहे. पुन्हा पहिल्यापासून खेळलो, सोबत्याचं नाव नाथा ठेवलं आणि गडापर्यंत नेला. आधी त्याची ताकद वाटेल तेवढी वाढवून पाहिली. छत पडलं की तो मरतोच. मग मी गडातून बाहेर पडलो, तिथे खेळ साठवला आणि साठवलेली फाइल उघडली. त्यात नुसते आकडे असतात. प्रत्येक माणसासाठी एक आकडा असतो, जिवंत की मेलेला. नाथाचा शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. तो बदलला.

दादाने ही फाइल उघडली की गड मागे जळत असेल आणि नाथा त्याच्या शेजारी उभा असेल. इथे मी पाहिलं, चालतो, वळतो, सांगितलं तिथे येतो. पुढचं गाव लागेपर्यंत खेळून बघायला हवं होतं, पण आता दसरा तोंडावर आलाय म्हणून तसंच पाठवतो. हे मी केलं असं दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला काही ठरवता येत नाही.

तुमचा,
जयदेव


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
३ नोव्हेंबर १९९६

चि. जयदेव यास,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघायचं होतं तुला, बघ. हात अजून थोडा आखडतो, त्यामुळे ओळी वर चढल्यात.

दसरा होऊन गेला. स्टोअरच्या जागेवर दुसरा माणूस बसला. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, मीनलने त्यांना चहा दिला आणि आत जाऊन शिलाईमशीनवर बसली. तू तिला विचारू नकोस.

फ्लॉपी तिने माझ्या हातात दिली आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिला माझ्याशी खोटं जमत नाही, दुनियेशी जमतं. मी फाइल उघडली. नाथा उभा होता. जयदेव, मला फार आनंद झाला, तुला सांगायला हवं म्हणून सांगतो. मी त्याला झाडाभोवती फिरवला. ओढ्यापर्यंत नेला आणि परत आणला. आईला बोलावून दाखवला. आईने स्क्रीनला हात जोडले. पाच-सहा दिवस मी तेवढंच करत होतो, पुढे जात नव्हतो, कारण पुढे गेल्यावर काहीतरी होईल अशी भीती वाटत होती.

मग गेलो. पुढचं गाव लागतं तिथे वेशीपाशी विहीर आहे. विहिरीवर एक बाई उभी असते. ती जवळ येऊन विचारते, तुझ्याबरोबर माझा नवरा होता, तो कुठे आहे? नाथा माझ्या शेजारी उभा होता. खाली उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं असतं. तो शूर होता. त्याने माझे प्राण वाचवले. मला क्षमा कर. तिसऱ्याखाली काही नाही. तो हा बघ, असं कुठेच नाही. मी नाथाला तिच्या पुढ्यात नेऊन उभा केला. ती त्याच्यातून आरपार बघत पुन्हा तेच विचारत होती. कितीदा नेला तरी तेच. तुझी चूक नाही त्यात. तू आकडा बदललास, त्या बाईला कुणी सांगितलंच नाही.

तिला उत्तर न देता मी मशीन बंद केलं. फेब्रुवारीपासून मी नाथाच्या घरी गेलेलो नाही, हे तुला माहीत नसेल. मीनल जाऊन आली होती. मी नाही.

काल सकाळी चप्पल घातली. मीनल कोपऱ्यापर्यंत आली, मग मी तिला थांब म्हटलं. ती थांबली नाही, बरंच अंतर ठेवून मागून येत राहिली आणि मी वळून बघितलं की दुसरीकडे बघायची. नाथाचं घर असलेलं जुनं बदलापूर गाव काही लांब नाही, पण मी वाटेत चार ठिकाणी टेकलो. एका रिक्षावाल्याने विचारलं, काका, बरं नाही का? मी म्हटलं, बरा आहे.

नाथाची बायको राजाबाई अंगणात भात वाळवत होती. मला बघून उठली, पदराला हात पुसले, पाणी दिलं. ओटीवर बसवलं. म्हणाली, वाळलास किती. मग यंदा पीक बरं आहे, दिराने मळणीला हात दिला, असं काय काय सांगत राहिली. मी ऐकत होतो आणि वाट बघत होतो. ती विचारणार, नाथा कुठे राहिला, तू बाहेर कसा आलास. त्याचं उत्तर मी वाटभर जमवत आलो होतो. दाराचं सांगणार होतो, काचेचं सांगणार होतो. सगळं, जेवढा वेळ लागला होता तेवढं सगळं. कुणाला तरी ते सांगितल्याशिवाय माझं पुढे काही होणार नाही असं मला वाटत होतं आणि ऐकायचा हक्क तिचाच होता.

तिने ते विचारलंच नाही. भातावर आलेली कोंबडी हाकलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लवकर झाला ना रं सगला? कंपनीवाले बोलतान, डोला मिटायच्या आत झाला. तू व्हतास ना तिथं. तू सांग."

मी म्हणालो, "हो वहिनी. लवकर झालं."

तुझा,
सदूदादा